सोबतीला कोण?

दिवाळीला आठ दिवस उरले, की आमच्या भोंगवलीच्या पिठाच्या गिरणीपुढे डब्यांची रांग लागते. कुणाच्या डब्यात चकलीची भाजणी, कुणाच्या डब्यात लाडवांसाठी हरभऱ्याची डाळ, तर कुणाचे नुसतेच रोजचे ज्वारीचे दळण. आपला डबा रांगेला लावायचा आणि नंबर येईपर्यंत भिंतीच्या सावलीला उभे राहायचे. गिरणीच्या आवाजात दुसऱ्याला ऐकू जाणार नाही, अशा खात्रीने बायका मनातले बोलतात, आणि ते सगळ्यांना ऐकू जाते.

अशाच एका दुपारी माझ्या जुन्या विद्यार्थिनीची आई मला तेथे भेटली. मी लहान मुलांच्या वर्गावर शिकवते. त्या मुलीला मी पाटीवर अक्षरे गिरवायला शिकवले. तिच्या पुढच्या यशात माझा याहून अधिक वाटा नाही. आता ती सरकारी कॉलेजात डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला आहे.

आई म्हणाली, "बाई, शिकून बाहेर पडली की एक वर्ष सरकारी दवाखान्यात काम करावं लागतं म्हणे. ते बहुतेक खेड्यातच मिळायचं. नाही केलं तर दंड लाखांत. तेवढे पैसे आमच्याकडं कुठले? पण पोर चोविशीची, एकटी राहायची. तुम्ही पुस्तकं लिहिता, तुम्हाला चार गोष्टी कळतात. सांगा, धाडू का?"

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली बाई. पण बाई म्हटले की लोकांना उत्तराची अपेक्षा असते, आणि बाईंनाही उत्तर देण्याची खोड असते. "धाडा की! खेड्याला डॉक्टरांची किती गरज आहे!" हे वाक्य माझ्या अगदी ओठांवर आले होते. ते मी गिळले. माझा नंबर आला होता, म्हणून सुटले. भाजणी घेऊन घरी आले, चकल्याही झाल्या. पण तो प्रश्न काही सुटला नाही. आज या अंकाच्या निमित्ताने त्याचे उत्तर शोधायला बसले आहे.

गरज आहे, यात वाद नाही. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, १९४६ मध्ये, सर जोसेफ भोर यांच्या समितीने देशाच्या आरोग्याचा मोठा अहवाल दिला. भोर समिती हे नाव ऐकून आमच्या तालुक्यातल्या मुलांना ती आपलीच वाटते! त्या समितीने सुरुवात म्हणून ४०,००० लोकांमागे एक आरोग्य केंद्र आणि त्यात दोन डॉक्टर असावेत, असे सुचवले होते. आज सरकारचे माप सपाटीला ३०,००० आणि डोंगराळ भागात २०,००० लोकांमागे एक केंद्र असे आहे. परंतु हे झाले माणसांचे माप. बाईमाणसाचे दुखणे कोणत्या मापाने मोजायचे?

ते मोजण्याचे काम गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी केले. दोन खेड्यांतल्या बायकांना तपासून काढलेले त्यांचे निष्कर्ष १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. शंभरांतल्या ९२ बायकांना स्त्रियांच्या आजारांपैकी काही ना काही होते. आणि त्याआधी कधीतरी तशी तपासणी झालेल्या बायका शंभरांत फक्त ८ होत्या. बाकीच्यांनी ते दुखणे पदराखाली झाकून भाकरी थापल्या, पाणी भरले, भांगलण केली. ते कुणापुढे उघडे करायचे? आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्यांनी जाहीर सभेत हेच सांगितले होते, की या देशातल्या स्त्रियांना स्त्रीडॉक्टरांची गरज आहे. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या, कोल्हापूरच्या दवाखान्यात त्यांची नेमणूक झाली. पण काम सुरू होण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी त्या गेल्या. त्यांनी सांगितलेली गरज मात्र गेली नाही.

मग "धाडा" म्हणायला माझी जीभ का अडखळली? त्याला एक रात्र कारण आहे.

मधली काही वर्षे यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही डोंगराकडच्या एका गावी राहत होतो. गावाचे नाव सांगत नाही. ते गाव इतर गावांहून वाईट नव्हते, आणि नाव सांगितले तर वाचकांना उगीच वाटेल, की हे तिथेच घडते. आमचे बिऱ्हाड दवाखान्याच्या शेजारी. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई नेमणुकीवर आल्या. मराठवाड्याकडच्या, अंगाने बारीक, बोलायला मोजक्या. चार-सहा महिन्यांत बायकांची रांग वाढली. पूर्वी नुसते "डोकं दुखतं" म्हणून गोळी घेऊन जाणाऱ्या बाया आता दार लोटून घेऊन आत बसू लागल्या.

त्या पावसाळ्यातली एक रात्र. एक वाजला असेल. वरच्या वाडीतून दोन माणसे आली. वाडीत एक बाई घरीच बाळंत झाली होती; मूल नीट होते, पण वार पडत नव्हती आणि रक्त थांबत नव्हते. वाडीवर आशाताई होत्या. त्यांनीच निरोप धाडला होता, की बाईला हलवता येत नाही, मॅडमना घेऊन या. मोटारीचा रस्ता ओढ्यापाशी संपतो. पुढे साकव आणि अर्ध्या तासाची चढण. १०८ ची गाडी दुसरा रोगी घेऊन गेली होती. दवाखान्यात आणखी एक बाई अडलेली, तिच्यापाशी नर्स. माणसांकडे एक मोटारसायकल होती. त्यांतल्या एकाच्या तोंडाला दारूचा वास येत होता.

माझ्या दाराची कडी वाजली. दारात डॉक्टरीणबाई उभ्या. एका हातात औषधांची पेटी, दुसऱ्या हातात बॅटरी.

"बाई, जरा सोबत येता का? जायला तर हवंच. पण या दोघांबरोबर एकटी..."

वाक्य त्यांनी पुरे केले नाही, आणि ते पुरे करण्याची गरजही नव्हती. जगातल्या कोणत्याही बाईला त्याचा उरलेला भाग पाठ असतो.

मी काय म्हणाले? मी म्हणाले, "थांबा हं, घरात विचारते."

घरात विचारले. यजमान उठून बसले. वाईट माणूस नव्हे. आजवर मला त्यांनी लिहायला कधी आडकाठी केली नाही. पण ते म्हणाले, "आत्ता? रात्रीचं? डोंगरात? आपल्या घरातल्या बायका असं जात नाहीत. त्यांचं कामच आहे ते, त्यांना जावं लागणार. तू कशाला?" मग तुम्हीच जा, असे मी म्हणू शकले असते. ते मला सुचले नाही. आणि खरे सांगायचे, तर आपल्याला जावे लागत नाही म्हणून मनात कुठेतरी सुटल्यासारखेच वाटले. मी दाराशी परत आले तेव्हा माझ्या चेहऱ्यावर उत्तर लिहिलेलेच असावे. "राहू द्या, बाई," एवढेच त्या म्हणाल्या आणि त्या मोटारसायकलवर मागे बसून गेल्या.

पहाट होईपर्यंत मी जागी होते. जागे राहण्याने कुणाला सोबत होत नाही.

वाडीतली बाई वाचली. सकाळी तिला डालात बसवून खाली आणले. गावात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. "देवीसारखी धावून आली," असे जो तो म्हणत होता. पंधरा दिवस गेले आणि बोलणे हळूच वळले. "रात्री-अपरात्री पुरुषांच्या मागं गाडीवर बसून हिंडते म्हणे." जी माणसे देवी म्हणाली होती तीच हे म्हणू लागली, आणि कुणालाही त्यात विसंगती दिसली नाही. पुढे दुसऱ्या एका वेळी सोबत नाही म्हणून त्या गेल्या नाहीत, तेव्हा "माणुसकी नाही" हेही ऐकू आले. म्हणजे गेली तर चारित्र्य गेले, आणि न गेली तर माणुसकी गेली. पुरुष डॉक्टरावर यांतला एकच आळ येऊ शकतो.

वर्ष संपले. गावाने शाल-नारळ देऊन निरोप दिला. भाषण अर्थातच मी केले आणि त्याग, सेवा, माउली हे शब्द त्यात सढळ हाताने वापरले. संध्याकाळी त्या माझे पुस्तक परत करायला आल्या. ती माझी जुनी कादंबरी. तिच्यात एक खेड्यातली डॉक्टरीण आहे. ती रात्रंदिवस राबते, सदा हसतमुख असते आणि शेवटी साथीत रोग्यांची सेवा करताना देह ठेवते. त्या प्रकरणावर वाचकांची मला पुष्कळ पत्रे आली होती.

त्या म्हणाल्या, "छान लिहिलंय, बाई. पण एक विचारू? ती राहत कुठे होती? तिच्या दाराला आतून कडी होती का? संडास घरात होता, की अंधारात लांब जावं लागे? ते कुठे सापडलं नाही मला."

कुठून सापडणार? मी लिहिलेच नव्हते. तीनशे पानांत त्या बिचारीला मी एकदाही अंघोळीला पाठवले नव्हते की जेवायला बसवले नव्हते. मला ती देवी हवी होती. आणि देवीला कडी लागत नाही.

गिरणीवर अडखळले ते या जागी. आपण ज्याला देव म्हणतो त्याच्या गैरसोयीची आपल्याला लाज वाटत नाही. माणूस म्हटले की त्याला भूक आली, झोप आली, भीती आली. आणि ती भागवण्याची, घालवण्याची जबाबदारी बोलावणाऱ्यावर आली. देव म्हटले की एक नारळ पुरतो. त्याग हा ज्याचा त्याने करायचा असतो. दुसऱ्याने तो गृहीत धरला, की त्याचे नाव वसुली होते. माझी कादंबरी, माझे भाषण आणि ती शाल ही सारी त्या वसुलीची पावती होती.

कुणी म्हणेल, आणि ते म्हणणे सोडून देण्यासारखे नाही, की या मुली सरकारी पैशाने, म्हणजे गोरगरिबांच्या पैशाने शिकतात. मग गोरगरिबांचे एक वर्ष त्या लागत नाहीत का? लागतात. हे ऋण मला मान्य आहे. पण ते ऋण कामाचे आहे. दिवसाला शंभर रोगी तपासणे हे काम झाले. रात्री दाराबाहेर कोण खाकरते आहे म्हणून दिवा मालवून बसणे हे काम नव्हे. ते कोणत्याही कराराच्या कागदावर लिहिलेले नसते आणि कोणत्याही पगारातून भागत नसते. सैनिकाचे उदाहरण पुष्कळदा देतात. पण सैनिकालाही चौकीवर एकट्याला धाडत नाहीत.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे. वाडीतली ती बाई रक्तात पडली होती. तिने कुणावर कसली वसुली चालवली होती? तीही बाईच. सोबत नाही म्हणून डॉक्टर गेली नसती आणि ती बाई दगावली असती, तर ते पाप कुणाचे? मी या प्रश्नापाशी पुष्कळ दिवस थांबले. एकीकडे एक जीव, दुसरीकडे एक भीती. जीवच मोठा, असे तराजू सांगतो. पण तराजूत दोनच पारडी आहेत, ही समजूत चुकीची आहे. तिसरी मी होते. दाराशी उभी, धडधाकट, चपला घालण्याचा अवकाश असलेली. त्या रात्री काही बरेवाईट झाले असते, तर ते पाप वाडीतल्या बाईचे नव्हते, डॉक्टरचेही नव्हते. ज्यांनी ज्यांनी "आपल्या घरातल्या बायका असं जात नाहीत" असे म्हणून दार लावले, त्यांचे ते होते. आणि त्यांत माझे दार पहिले होते. आपल्या बायका जात नाहीत म्हणताना, ती कुणाची तरी होती, हे कुणाच्या मनात आले नाही.

सासूबाई तेव्हा हयात होत्या. दुसऱ्या दिवशी सगळे कळल्यावर त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी असं नव्हतं गं. सुईणीला बोलवायला घरातली बाई कंदील घेऊन जायची. काम झालं, की खण-नारळानं ओटी भरायची आणि उजाडल्यावर तिला घरापर्यंत पोचवायची. सुईणीला एकटी सोडली, तर लोक नावं ठेवायचे." त्या काळात सारेच चांगले होते, असे मी म्हणत नाही. त्याच सुईणीला दुसऱ्या दिवशी पाणी वरून वाढणारी घरेही होती. पण बोलावणाऱ्याने सोबत द्यायची, एवढी एक रीत तेव्हा गावाला ठाऊक होती. डॉक्टरीण आली, सरकारने पगार दिला, आणि आपण ती रीत मोडीत काढली. सरकारचे माणूस, सरकार बघून घेईल!

सरकारने बघावेच. डॉक्टर-नर्सना मारहाण करणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे. कामाच्या जागी स्त्रियांचा छळ होऊ नये म्हणून २०१३ चा कायदा आहे. तरीही ऑक्टोबर २०२५ मध्ये, दिवाळी सरता सरता, आमच्या नीरेच्या पलीकडे फलटणच्या सरकारी रुग्णालयातल्या एका तरुण डॉक्टर मुलीने जीवन संपवले. अत्याचाराचा आरोप तिने मागे लिहून ठेवला, आणि तो ज्यांच्यावर ठेवला त्यांत एक पोलीस अधिकारीच होता. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. त्यात आपण बोलू नये. पण एक गोष्ट निवाड्याची वाट पाहत नाही. ती मुलगी दुसऱ्या जिल्ह्यातून आमच्या भागात रोगी बरे करायला आली होती. आम्ही तिचे शेजारी होतो. आपले दुखणे जिच्यापाशी बोलावे, असे एखादे दार तिला आमच्या बाजूला सापडले असते का? या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात मिळणार नाही.

खेड्यात टिकलेल्या मोठ्या डॉक्टर बायका आपल्याकडे झाल्या आहेत. जामखेडला १९७० पासून डॉ. मेबल आरोळे, हेमलकशाला १९७३ पासून डॉ. मंदाकिनी आमटे, गडचिरोलीत डॉ. राणी बंग, मेळघाटात डॉ. स्मिता कोल्हे. त्यांच्यापुढे मान आपोआप लवते. त्यांची नावे ऐकवून आपण आजच्या मुलींना विचारतो, "त्यांनी केले, मग तुम्हाला का जमत नाही?" परंतु या चौघी आपापल्या पतींच्या बरोबरीने तेथे उभ्या होत्या. त्यांचे कर्तृत्व त्यांचेच आहे. त्यात कुणाची उसनवारी नाही. मला एवढेच म्हणायचे आहे, की रात्री दार वाजले तर त्यांच्या घरात बोलायला दुसरे माणूस होते. नेमणुकीचा कागद आणि एक बॅग घेऊन एस.टी.तून उतरणाऱ्या चोविशीच्या मुलीपाशी ते नसते.

जामखेडच्या कामातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. डॉ. आरोळे दांपत्याने गावोगावच्या साध्या बायकांना, त्यांतल्या कितीतरी अक्षरशत्रू, आरोग्याचे शिक्षण दिले आणि गावाचे आरोग्य त्यांच्या हाती सोपवले. म्हणजे डॉक्टर गावात एकटी राहिली नाही. गावातली बाईच तिच्या बाजूला येऊन उभी राहिली. २००५ पासून देशभर आशाताई आल्या, त्याही याच वाटेने. सोबत ही दयेची गोष्ट नाही. ती कामाची व्यवस्था आहे. रोग्याला औषध लागते, तशी डॉक्टरला सोबत लागते.

म्हणून त्या आईला मी काय सांगावे? "धाडू नका" म्हणावे, तर वाडीतली बाई डोळ्यांपुढे येते. "धाडा" म्हणावे, तर दारातली बॅटरी डोळ्यांपुढे येते. प्रश्नच चुकीच्या माणसाला विचारला जातो आहे, असे मला वाटते. मुलीला धाडावे की नाही हे आईने ठरवण्याआधी, ती आली तर आपण कसे वागणार आहोत, हे गावाने ठरवायला हवे. राहत्या जागेच्या दाराला कडी, अंगणात दिवा, घरात पाणी, रात्री बोलावणे आले तर बोलावणाऱ्या घरची एक बाई बरोबर आणि परतताना पोचवायला माणूस. याला फार पैसा लागत नाही. बहुतेक गोष्टींना ग्रामपंचायतीचा ठरावसुद्धा लागत नाही.

काल फराळाचे ताट घेऊन मी त्यांच्या घरी गेले. म्हणाले, "धाडा. पण मुलगी हजर होण्याआधी तुम्ही आणि मी, दोघी जाऊन जागा बघून येऊ. शेजारी कोण बाई राहते, तिला भेटू. तिच्या घरी दोन लाडू देऊन येऊ आणि सांगू, ही आमची पोर आहे."

"आणि तुमच्याच दवाखान्यात कुणाची तरी पोर आली तर?" आईने विचारले. खेड्यातल्या बायका प्रश्न अर्धा सोडत नाहीत.

"तर रात्री मी जाईन सोबत."

"घरात विचारलंत?"

"विचारलं नाही," मी म्हणाले, "सांगितलं."

यजमानांनी ऐकून घेतले. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग उठून त्यांनी कपाटातली मोठी बॅटरी काढली, नवे सेल घालून पेटते की नाही ते पाहिले, आणि दाराजवळच्या खुंटीला टांगून ठेवली.